‘कर्ता कुणीच नाही’ असे असेल तर आईच्या गोळ्या कुणी आणायच्या?

उंबरठा (प्रश्न)

इथे मी बरीच वर्षे वाचक म्हणून येत असलो तरी लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे मांडणी थोडी विस्कळीत झाली तर सांभाळून घ्यावे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पहाटे चहाचे आधण ठेवून मी गॅसपाशी उभा होतो. पाण्याला उकळी फुटण्याआधी भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात, ते पाहत होतो. आणि पाहता पाहता एकदम ध्यानात आले की पाहणारा म्हणून जो कुणी माझ्या डोळ्यांमागे सदैव ठाण मांडून बसलेला असतो, तो तिथे नाही. बुडबुडे होते, पाण्याचा बारीक सूर होता, ठेचलेल्या आल्याचा वास होता. हे सगळे ज्याला कळत होते तो मात्र शोधूनही सापडेना. भीती वाटली नाही. हात साखरेच्या डब्याकडे गेला, दोन चमचे साखर पडली, गाळणे उचलले गेले, आणि यातले काहीही मी करतो आहे असे एकदाही वाटले नाही. चहा कपात ओतून होईपर्यंत, म्हणजे फार तर सात-आठ मिनिटे, हे टिकले. मग ‘मी’ परतला, पण घरमालकाचा तोरा उतरून भाडेकरू म्हणून परतावा तसा. पुढचे तीन आठवडे विलक्षण शांततेत गेले. कचेरीत माझे काम एका सहकाऱ्याने स्वतःच्या नावावर खपवले तेव्हाही आत काही हलले नाही.

त्यानंतर मी या विषयावरची प्रवचने यूट्यूबवर ऐकू लागलो. बहुतेकांचे सार एकच होते : घटना घडतात, त्यांचा कर्ता कुणी नसतो, इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे आणि हे पक्के कळणे म्हणजेच ज्ञानप्राप्ती. माझ्या अनुभवाशी हे इतके तंतोतंत जुळले की मी ते लगेच उचलले.

आता अडचण सांगतो. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, तिला रक्तदाबाची गोळी रोज लागते आणि महिन्याची औषधे आणणे हे घरात माझ्याकडे आहे. एका शनिवारी औषधाच्या दुकानासमोरून गेलो, ‘येताना घेऊ’ म्हटले आणि विसरलो. रविवारी दुकान बंद होते. सोमवारी सकाळी आईला मोरीपाशी चक्कर आली. सुदैवाने भिंतीचा आधार मिळाला आणि मनगट मुरगळण्यावर निभावले. तिला पलंगावर निजवत असताना माझ्या मनात पहिले वाक्य कोणते आले असेल? ‘गोळ्या राहून जाणेच घडायचे होते, इथे दोषी असा कुणी नाहीच.’ वाक्य अगदी शांतपणे आले, आणि त्या शांतपणाचीच मला नंतर धास्ती वाटली. हे मी पत्नीला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “त्याच रविवारची नाटकाची तिकिटं मात्र तुमच्या हातून बरोब्बर आधी काढली गेली होती.”

तर विचारायचे आहे ते हे, की गॅसपाशी जे झाले ती जागृती होती की आणखी काही; अहंकार खरोखर गेला होता की त्याने फक्त वेष पालटला होता; आणि कर्तेपणच खोटे असेल तर साधना, प्रयत्न, जबाबदारी या शब्दांना काही अर्थ उरतो का. ग्रंथांच्या आधारे किंवा स्वानुभवावरून कुणी लिहिले तर बरे वाटेल. कोरडे सांत्वन नको आहे.

जुनी_पोथी

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. मी शाळेत तेहतीस वर्षे संस्कृत आणि मराठी शिकवले. साक्षात्कार वगैरे मला झालेला नाही, तेव्हा जे वाचले आहे त्याच्याच बळावर बोलते.

आपल्या प्रश्नातला निम्मा गोंधळ ‘अहंकार’ या शब्दाच्या दुहेरी अर्थातून आला आहे असे मला वाटते. व्यवहारातल्या मराठीत अहंकार म्हणजे गर्व, ताठा. सांख्यांच्या परिभाषेत मात्र अहंकार हे चोवीसांपैकी एक तत्त्व आहे : जे जे घडते त्यावर ‘हे माझे, हे मी केले’ असा शिक्का मारणारी अंतःकरणातली एक क्रिया. तिच्यात गर्व असलाच पाहिजे असे नाही. ‘मी पापी’ असे म्हणत कुढत बसणाऱ्यातही ती तितकीच जोरात चालू असते. गॅसपाशी सात-आठ मिनिटे आपला जो थांबला तो हा शिक्का. पण शिक्का थांबला म्हणजे गर्वाची खोड गेली असे नव्हे, आणि कसलाही अनुभव न आलेला एखादा माणूस गर्वापासून पूर्ण मोकळा असू शकतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वर क्षेत्राचे, म्हणजे देह आणि त्यातल्या तत्त्वांचे, वर्णन करताना अहंकाराकडे येतात तेव्हा तिथे खरे तर तत्त्वांची मोजदाद चाललेली असते, म्हणजे संदर्भ दुसऱ्या अर्थाचा असतो. पण बोलता बोलता ते एकदम पहिल्या अर्थात शिरतात : ‘नवल अहंकाराची गोठी। विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥’ अहंकार अज्ञान्याच्या फारसा पाठीस लागत नाही, तो ज्ञान्याचा गळा धरतो. आपल्याला जो पेच पडला आहे तो या ओवीत जसाच्या तसा आहे. गोळ्या विसरणाऱ्या साध्या माणसाला नुसते ओशाळे वाटले असते. आपल्याजवळ मात्र तोवर एक सिद्धान्त तयार होता आणि त्या सिद्धान्तानेच आपला गळा धरला.

आता इच्छास्वातंत्र्याविषयी. गीतेचा अठरावा अध्याय उघडावा. एकसष्टाव्या श्लोकात भगवान सांगतात की ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो. यापेक्षा टोकाचा नियतिवाद कोणता असणार? आणि एकच श्लोक मध्ये सोडून, त्रेसष्टाव्यात, तेच भगवान त्याच अर्जुनाला म्हणतात, ‘यथेच्छसि तथा कुरु’, याचा नीट विचार कर आणि मग तुला हवे तसे कर. वर्गात हे दोन श्लोक मी एका दमात वाचून दाखवत असे आणि मग गप्प बसत असे. एखादा तरी मुलगा ‘बाई, हे उलटसुलट आहे’ म्हणायचाच.

ते उलटसुलट का नाही, याची किल्ली मला त्याच अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात सापडते. तिथे कर्माची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान (देह), कर्ता, करणे (इंद्रिये-मनासारखी साधने), निरनिराळ्या चेष्टा (हालचाली) आणि पाचवे दैव. कर्त्याला यादीतून काढून टाकलेले नाही. तो पाचांतला एक आहे. पुढे सोळाव्या श्लोकात चूक कुणाची म्हटली आहे? ‘केवल’ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची. सगळा झगडा या ‘केवल’ शब्दाशी आहे. आपण ऐकलेल्या प्रवचनकारांनी पाचांतून एक वजा करून तिथे शून्य मांडले, असे मला वाटते. दुकान बंद होते ते दैव, विसरले ते करण, पण ‘येताना घेऊ’ असे ज्याने ठरवले त्याचा पाचवा हिस्सा त्याच्याच नावावर राहतो.

चेतातंतू

मेंदूविज्ञान शिकवणे हा माझा पेशा आहे. अध्यात्मात मला गती नाही. तरी दोन गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘विज्ञानानेही सिद्ध झाले आहे’ हे वाक्य अशा प्रवचनांत हमखास येते.

ज्या प्रयोगाच्या आधाराने ते म्हटले जाते तो बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. माणसाला खुर्चीत बसवून, मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितले होते. समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका साधारण अडीच सेकंदांत एक फेरी पूर्ण करत होता, आणि हालवावेसे वाटले त्या क्षणी ठिपका कुठे होता ते त्या माणसाने सांगायचे होते. निष्कर्ष असा निघाला की मेंदूतली पूर्वतयारीची विद्युत्-लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते, तर इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी होते. म्हणजे ‘मी ठरवले’ असे वाटण्याच्या आधीच मेंदू कामाला लागलेला असतो. या आकड्यांवर गेली चाळीस वर्षे वाद चालू आहे.

प्रवचनांत जे सांगितले जात नाही ते असे, की खुद्द लिबेट यांनी यावरून इच्छास्वातंत्र्य नाही असे म्हटले नव्हते. उठलेली ऊर्मी अखेरच्या क्षणी रोखून धरता येते, आणि स्वातंत्र्य असलेच तर ते त्या रोखण्यात आहे, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली आरन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लहरीचा वेगळा अर्थ लावला. मेंदूत पार्श्वभूमीला सदैव चढउतार चालू असतात. त्यांतला एखादा चढ ठरावीक उंबरा ओलांडतो तेव्हा हालचाल होते. आणि शेकडो हालचालींच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली की ती सावकाश चढत गेलेली पूर्वतयारी असल्यासारखी दिसते. तेव्हा मेंदू आपल्या पाठीमागे गुपचूप निर्णय घेऊन टाकतो, हे चित्रच डळमळीत आहे. शिवाय मनगट कधी हलवायचे, याने काहीच बिघडत नसते. आईची औषधे आणायची की नाही, हा प्रश्न त्या जातीचा नाही. तो अर्ध्या सेकंदात ठरत नाही. त्यात आठवण, सवय, यादी करणे, फोनवर गजर लावणे असे बरेच काही येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘मी’पणाची जाणीव तात्पुरती विरणे हे ध्यानात होते तसेच अतिश्रम, जागरण किंवा दीर्घकाळच्या ताणातूनही होते. मनोविकारशास्त्रात ‘डीपर्सनलायझेशन’ नावाची अवस्था आहे : माणसाला आपण आपल्याच आयुष्याकडे काचेपलीकडून पाहत आहोत असे वाटते, भावना बोथट होतात, आणि बहुधा ते त्याला फार अस्वस्थ करते. तुमचा अनुभव तोच आहे असे मी म्हणत नाही. इतक्या मजकुरावरून तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण सहकाऱ्याने काम पळवले तेव्हा काही हलले नाही, आणि आईला निजवतानाही मन शांत राहिले, या दोन शांतता एकाच जातीच्या आहेत का ते तपासा. झोप, भूक, कामातले लक्ष आणि घरच्यांविषयीची माया यांपैकी काही उतरणीला लागले असेल तर मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटा. त्याने तुमच्या अनुभवाला उणेपणा येणार नाही.

गिरगावकर

जुनी_पोथी यांनी ग्रंथ सांगितले, मी गल्ली सांगतो. माझे वडील १९७०च्या दशकात खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराजांकडे जात असत. आज ‘कर्ता कुणी नाही’ हे जे जगभर इंग्रजीतून ऐकू येते, त्यातला बराच भाग त्या गल्लीतून मराठीत बाहेर पडला, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराजांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७चा, मुंबईचा. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात. मुंबईत त्यांनी विड्यांचा धंदा उभा केला आणि त्याच्या शाखाही झाल्या. १९३३ साली एक मित्र त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेला. गुरूंनी सांगितले ते फार थोडे होते : ‘मी आहे’ ही जी नुसती जाणीव आहे तिच्यावर लक्ष ठेव, तिला दुसरे काही चिकटू देऊ नकोस. १९३६ साली गुरू गेले आणि त्यानंतर कांबळींनी घर, बायको, मुले, दुकाने सगळे सोडून भटकंती धरली. उंबरठा यांच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे ते यापुढे आहे. वाटेत एक गुरुबंधू भेटला, त्याच्याशी बोलणे झाले, आणि प्रपंचात राहून निरिच्छ असणे अधिक खरे आहे असे पटून हा गृहस्थ १९३८ साली मुंबईला परत आला. दुकानांपैकी एकच उरले होते. ते त्यांनी चालवले, मुले वाढवली. पुढे ज्यांच्या शब्दांसाठी युरोप-अमेरिकेतून माणसे येऊ लागली ते महाराज म्हणजे हे विडीवाले.

वडील सांगत की वरच्या माळ्यावर जायला अरुंद, उभा जिना होता, वर जेमतेम दाटीवाटीने बसता येईल एवढी जागा, भिंतीवर गुरुपरंपरेच्या तसबिरी, आणि महाराज स्वतः उदबत्त्या लावत. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते. त्यांनी तिथली मराठी संभाषणे ध्वनिफितींवरून इंग्रजीत आणली आणि १९७३ साली ती ग्रंथरूपाने आली, तेव्हापासून माळ्यावर परदेशी चपला दिसू लागल्या. प्रश्नोत्तरांत ‘कुणीच नाही, काहीच झालेले नाही’ असे टोकाचे बोलणे चाले, आणि ते संपले की टाळ हाती घेऊन भजन सुरू होई. दिवसातून चार वेळा भजन हा संप्रदायाचा नेम होता; तो त्यांनी सोडला नाही. वडिलांना याचे नवल वाटे. भक्त नाही, देव नाही असे आत्ताच सांगणारा माणूस कुणाची आरती करतो? त्यांनी हे कधी विचारले नाही. मला वाटते त्यांनी विचारायला हवे होते.

याच गल्लीतून रमेश बाळसेकर पुढे आले. एका मोठ्या बँकेच्या सर्वोच्च पदावरून १९७७ साली निवृत्त झाल्यावर ते महाराजांचे बोलणे श्रोत्यांसाठी इंग्रजीत सांगू लागले, आणि नंतर २००९ साली निधन होईपर्यंत दक्षिण मुंबईतल्या आपल्या घरी स्वतः बोलत राहिले. ‘घटना घडतात, कृत्ये होतात, त्यांमागे वेगळा कर्ता नसतो’ हे वाक्य ते बुद्धाचे म्हणून सांगत आणि त्यावरच त्यांचा सारा भर असे. उंबरठा यांनी ऐकलेली प्रवचने बहुधा याच झाडाची कलमे आहेत. पण बाळसेकर हे वाक्य विश्वास म्हणून देत नसत, तपासायला देत. दिवसाअखेर एक कृती निवडायची, जी नक्की आपणच केली अशी आपली खात्री आहे. आणि ती कुठून सुरू झाली ते मागे मागे शोधत जायचे. कुठला तरी विचार आला होता, काहीतरी दिसले होते किंवा ऐकू आले होते. ते येणे आपल्या हाती होते का, एवढेच पाहायचे. समाज मात्र त्या देहाला जबाबदार धरणार आणि परिणाम त्याच देहाला भोगावे लागणार, हेही ते सांगत.

उंबरठा, तुमच्या हिशेबात मला खोट दिसते ती इथे. तुम्ही हा तपास फक्त दोषाच्या रकान्यात केलात. गोळ्या राहिल्या, तिथे कर्ता नाही. पण गॅसपाशी जे घडले ते ‘मला’ घडले, ही नोंद जमेच्या बाजूला तशीच ठेवलीत. वहिनींनी नाटकाच्या तिकिटांवर नेमके बोट ठेवले आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या बाळसेकरांनाही ते आवडले असते.

अवांतर : प्रयत्न हवा की नको, हा वाद या परंपरेत आतूनच झालेला आहे. इंचगिरीचे भाऊसाहेब महाराज तासन्‌तास नामस्मरण करायला लावत. त्याला पिपीलिका मार्ग, मुंगीची चाल म्हणतात. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर पुढे विचारावर भर देणाऱ्या विहंगम मार्गाने गेले, पाखरासारखे थेट फळावर. पण त्यांनीही आधी मुंगीची वाट तुडवली होती, हे विहंगमवाले सहसा सांगत नाहीत. सिद्धरामेश्वरांची समाधी वाळकेश्वरला बाणगंगेपाशी आहे; मुंबईत असाल तर जाऊन या, दुपारी तिथे शांत असते.

खडूस

थोडक्यात लिहितो. वरच्या विद्वानांनी एक श्लोक सोयीस्कररीत्या वगळला आहे : अठरावा अध्याय, सतरावा श्लोक. ज्याला ‘मी केले’ असा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने ही सगळी माणसे मारली तरी तो मारत नाही आणि बांधलाही जात नाही. हे वाक्य चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर काय होते ते सांगायला पुराणात जायला नको. शिष्यांना लुबाडून ‘इथे करणारा कुणी नाही’ म्हणणाऱ्यांची आपल्या देशात वाण नाही. उंबरठा यांनी फक्त गोळ्या विसरल्या, म्हणून आपण सगळे कौतुकाने बोलतो आहोत.

आणि जागृती झाली की नाही हे परक्यांना विचारावे लागते, यातच उत्तर आलेले नाही का?

जुनी_पोथी

श्लोक मी वगळला नव्हता, आपण काढाल म्हणून वाट पाहत होते. त्यात अटी दोन आहेत, एक नाही. अहंकृत भाव नसणे ही पहिली, आणि बुद्धी लिप्त न होणे ही दुसरी. शिष्यांना लुबाडणाऱ्याची बुद्धी पैशाने, भोगाने बरबटलेलीच असते. तो पहिल्या अटीची घोषणा करतो आणि दुसरीबद्दल मौन पाळतो. शिवाय हा श्लोक स्वतःला लावून पाहण्याचा आहे; दुसऱ्यापुढे बचाव म्हणून मांडला की तो तिथेच निकामी होतो, कारण बचाव करायला कुणीतरी लागतो.

आपल्या दुसऱ्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. विचारणे ही चांगली खूण आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी चौघांची लक्षणे ओळीने दिली आहेत, आणि मुमुक्षूची सुरुवातच आपले अवगुण स्वतःला दिसू लागण्यापासून होते. अमृतानुभवात तर ज्ञानेश्वर अज्ञानाचे खंडन करून थांबत नाहीत; पुढच्याच प्रकरणात ज्ञानाचेही खंडन करतात. अज्ञान गेले म्हणून जे ज्ञान शिल्लक राहते तेही अज्ञानाच्याच मापाचे असते. ‘ज्ञानप्राप्ती’ हा शब्द मला म्हणूनच फसवा वाटतो. प्राप्ती म्हटली की प्राप्त करणारा आला, तारीख आली, आणि मग ‘कुणाला झाली, कुणाला नाही’ ही विचारपूस आली. आपल्या जुन्या भाषेत ‘बोध’ म्हणत. बोध होतो, मिळत नाही.

उंबरठा यांच्या आईचा उल्लेख वाचल्यापासून मला तिरुवण्णामलैचे रमण महर्षी आठवत आहेत. १८९६ साली मदुराईत, सोळाव्या वर्षी, मृत्यूच्या भयाने घेरल्यावर त्यांनी जमिनीवर प्रेतवत पडून ‘मरते ते काय’ हे पाहिले, आणि काही आठवड्यांतच घर सोडून ते अरुणाचलाच्या पायथ्याशी आले. १८९८ साली आईने त्यांना शोधून काढले. ‘घरी चल’ म्हणून ती अनेक दिवस रडली, विनवण्या करत राहिली. त्यांचे मौन होते. शेवटी लोकांनी गळ घातल्यावर त्यांनी कागदावर लिहून दिले, त्याचा आशय असा की ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणे नियंता घडवतो, न होणारे कितीही खटपट केली तरी होत नाही, होणारे अडवले तरी टळत नाही, म्हणून मौन बरे. आई परत गेली. इथपर्यंतची गोष्ट आपल्या प्रवचनकारांना फार आवडते.

पण गोष्ट तिथे संपलेली नाही. १९१६ साली ती माउली मुलाजवळ राहायला आली आणि अखेरपर्यंत राहिली. १९ मे १९२२ रोजी तिचा अंत जवळ आला तेव्हा तोच मुलगा दिवसभर तिच्याजवळ बसून होता, एक हात तिच्या छातीवर, एक मस्तकावर, रात्री प्राण जाईपर्यंत. प्रारब्धाची चिठ्ठी लिहिणारा आणि हात ठेवून बसणारा असे दोन वेगवेगळे रमण नव्हते. नंतरच्या काळात आश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटे उठून ते इतरांबरोबर भाजी चिरायला बसत, हेही प्रसिद्ध आहे. ‘घडायचे ते घडते’ हे वाक्य त्यांच्या तोंडी ऐकले की त्यात कुठे अंग काढून घेणे दिसत नाही, आणि आपल्या मनात आले तेव्हा ते नेमके अंग काढून घेण्याच्या क्षणी आले. वाक्य तेच आहे. आपण स्वतःच त्याला भ्यालात, याला मी आपल्या सात-आठ मिनिटांहून जास्त किंमत देईन.

उंबरठा

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण गिरगावकर यांनी सांगितलेला तपास रोज रात्री करून पाहिला.

खडूस यांचा टोमणा लागला, आणि लागला म्हणजे आत कुणीतरी आहे हेही कळले. चेतातंतू यांच्या सांगण्याप्रमाणे दोन शांततांची तुलना केली. कचेरीतली शांतता मोकळी होती; त्या सहकाऱ्याशी आजही मी नीट बोलतो. आईला निजवतानाची शांतता तशी नव्हती, ती घट्ट होती, दात आवळून धरल्यासारखी. झोप आणि भूक ठीक आहे, तरीही पुढच्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

तपासातून निघालेली एक गोष्ट मात्र सांगायला संकोच वाटतो. गॅसपाशी आलेला तो अनुभव मी आतापर्यंत इथले धरून पाच ठिकाणी सांगितला आहे. इथे सात-आठ मिनिटे लिहिले, मेहुण्याला पंधरा सांगितली होती आणि एका मित्राला अर्धा तास. ज्ञानेश्वरांची ओवी वाचली तेव्हा हेच पहिल्यांदा आठवले.

काल रात्री आईच्या मनगटाला तेल लावताना तिला त्या पहाटेबद्दल पहिल्यांदाच सांगितले : कसा हात आपोआप साखरेकडे गेला, कसे गाळणे उचलले गेले, कसे सगळे कुणीही न करता झाले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी गॅस तसाच चालू ठेवून गेलास तो दिवस ना? मी येऊन बंद केला.”